गुंतवणूकदाराने दाद कुठे मागायची?

२१ ऑगस्ट २००३ रोजी सेबीने एक नियमावली अधिसूचित केली. नाव होतं सेबी (लोकपाल) विनियम, २००३. शेअर दलाल, इतर मध्यस्थ आणि सूचिबद्ध कंपन्या यांच्याविरुद्ध छोट्या गुंतवणूकदाराची तक्रार ऐकायला लोकपाल नेमायचा, त्याने आधी दोन्ही बाजूंत समेट घडवून बघायचा आणि समेट जमला नाही तर निवाडा द्यायचा, अशी ती योजना होती. लोकपाल कोणाला होता येईल, त्याचे अधिकार काय, तक्रार कशी करायची, सगळं तपशिलात लिहून झालं. फक्त लोकपाल नेमायचा राहिला. तो राहिला तो राहिलाच.

नियम कागदावर आणि खुर्ची रिकामी, याचं आपल्याकडे कोणाला फारसं नवल वाटणार नाही. पण शेजारची घरं बघितली की हे खटकतं. बँकेच्या ग्राहकाला १९९५ पासून लोकपाल आहे. विमाधारकाला १९९८च्या नियमांपासून आहे. पेन्शन नियामकाच्या २०१५च्या नियमांत एनपीएसच्या खातेदारासाठीही लोकपालाची तरतूद आहे. शेअर, रोखे आणि म्युच्युअल फंड यांत पैसे घालणाऱ्याला मात्र नाही. याचा अर्थ त्याच्यासाठी काहीच नाही असा नव्हे. त्याच्यासाठी बरंच काही आहे, पण ते वेगळ्या जातीचं आहे. त्या वेगळेपणाने काय साधलं आणि काय हातचं गेलं, हे तपासायला हवं.

आधी लोकपाल म्हणजे नेमकं काय ते पाहू. कोर्टात वादी आपला पुरावा आणतो, प्रतिवादी आपला आणतो आणि न्यायाधीश मधे बसून तोलतो. लोकपाल स्वतः कागद मागवतो. कंपनीकडे काय आहे आणि तक्रारदाराकडे काय नाही, हे त्याला ठाऊक असतं. तक्रारीला फी नसते, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असला तरी तक्रारदाराला तो न स्वीकारण्याची मुभा असते. हा तराजू मुद्दामच दुबळ्याच्या बाजूने थोडा झुकवलेला असतो. वित्तीय व्यवहारात दोन्ही बाजू समान नसतातच, हे ज्याला पटत नाही त्याने एखादा विम्याचा प्रपोजल फॉर्म वाचून बघावा.

विम्याचंच उदाहरण घेतो, कारण विमा लोकपालाचं काम सगळ्यात जवळून दिसतं. निवृत्त माणूस मुदत संपलेली एफडी पुन्हा ठेवायला बँकेत जातो. काउंटरवरची ओळखीची मुलगी म्हणते, ‘काका, एफडीला आता काय व्याज मिळतं? ही स्कीम बघा, एकदाच पैसे भरायचे.’ फॉर्म तीच भरते. काकांचं वार्षिक उत्पन्न फॉर्मवर दुप्पट होतं, व्यवसायाच्या रकान्यात ‘सल्लागार’ येतं. मग कंपनीचा पडताळणीचा फोन येतो, त्याआधीच काकांना सांगून ठेवलेलं असतं, ‘सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकेल.’ वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची नोटीस घरी येते तेव्हा कळतं की पैसे एकदाच नव्हे, दहा वर्षं भरायचे आहेत. पॉलिसी परत करण्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. आणि कागद? एकूण एक कागद विक्रेत्याच्या बाजूने बोलतो. सही काकांची, फोनवर ‘हो’ काकांचं.

अशी तक्रार दिवाणी कोर्टात टिकणं कठीण. विमा लोकपालासमोर मात्र तिला जीव असतो, कारण तो फॉर्मवरच्या सहीच्या पलीकडे जाऊन विचारू शकतो: पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाला दहा वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी विकली, ती त्याला परवडणार होती का? उत्पन्नाचा आकडा कुठून आला? फोनचं रेकॉर्डिंग दाखवा. पुण्यातलं विमा लोकपालाचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे. तिथे तक्रारदाराच्या वतीने वकील चालत नाही, काकांना स्वतःच बोलावं लागतं. आधी कंपनीला लेखी कळवायचं, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. दाव्याची मर्यादा ३० लाख होती, २०२३ मध्ये ती ५० लाख झाली. निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये दंडाची तरतूदही आता आहे. काकांना दर वेळी न्याय मिळतो असं मी म्हणत नाही. पण त्यांचं ऐकून घेणारा, कंपनीला प्रश्न विचारणारा एक माणूस समोर बसलेला असतो.

बँकेच्या लोकपालाचं रूप आता बदललं आहे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि डिजिटल पेमेंट यांचे तीन वेगवेगळे लोकपाल एका योजनेत आणले. कोणता ग्राहक कोणत्या शहराच्या कार्यालयाकडे, ही भानगड मिटली. कुठूनही तक्रार करा, ती चंदीगडच्या केंद्रात जाते आणि तिथून पुढे वाटली जाते. २०२१च्या योजनेत नुकसानभरपाईची कमाल मर्यादा २० लाख, शिवाय मनस्तापापोटी एक लाखापर्यंत. ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या छोट्या नागरी सहकारी बँकाही यात आल्या, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठी गोष्ट, कारण नागरी बँकांचं जाळं आपल्याकडे इतकं दाट आहे. बँकांनी विकलेल्या विमा, म्युच्युअल फंड वगैरे त्रयस्थ उत्पादनांच्या तक्रारी बँकिंग लोकपालाकडे नेता येतील असा बदल तर २०१७ मध्येच झाला होता. सोय वाढली हे खरं. समोरचा माणूस मात्र पोर्टलच्या मागे गेला.

आता सेबीकडे येऊ. लोकपालाऐवजी सेबीने काय उभं केलं?

आधी २०११ मध्ये स्कोअर्स आलं, तक्रार नोंदवण्याचं पोर्टल. एप्रिल २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. कंपनीने किंवा दलालाने २१ दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर गुंतवणूकदाराने १५ दिवसांच्या आत पहिली फेरतपासणी मागायची, ती एक्स्चेंजसारखी नेमून दिलेली संस्था करते. तरीही समाधान नाही तर दुसरी फेरतपासणी, ती सेबी करते. लाभांश मिळाला नाही, वारसाच्या नावावर शेअर चढत नाहीत, आजीच्या जुन्या सर्टिफिकेटवर ‘लक्ष्मीबाई’ आणि आधार कार्डावर ‘लक्ष्मी’ असल्यामुळे रजिस्ट्रार फाइल परत पाठवतो, अशा कामांना स्कोअर्स उत्तम. महिनोन्महिने पत्रांना दाद न देणारी कंपनी तिथे तक्रार गेली की आठवड्यात फोन करते, असा अनुभव सांगणारे पुष्कळ भेटतील.

पण जिथे एक बाजू म्हणते ‘दिले’ आणि दुसरी म्हणते ‘मिळाले नाहीत’, तिथे स्कोअर्स थांबतं. मग दुसरी पायरी येते. ३१ जुलै २०२३च्या परिपत्रकाने सेबीने ऑनलाइन तंटानिवारणाची व्यवस्था सुरू केली, तिचं पोर्टल स्मार्ट ओडीआर. आधी समेटाचा प्रयत्न, २१ दिवसांत. तो फसला तर लवाद, तोही व्हिडिओ कॉलवर. समेटाचा खर्च दलालाने किंवा कंपनीने सोसायचा. लवादाला मात्र दाव्याच्या रकमेप्रमाणे फी. निवाडा विरुद्ध गेला म्हणून दलालाला कोर्टात जायचं असेल तर देणं असलेल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरायची. हे शेवटचं कलम ज्याने घातलं त्याला मानलं पाहिजे. नुसतं अपील करून दहा वर्षं पैसे दाबून ठेवण्याचा खेळ त्याने बराच महाग केला.

कागदावर ही रचना लोकपालापेक्षा वेगवान आहे आणि पुष्कळदा प्रत्यक्षातही. मग हातचं काय गेलं? लवाद हा शेवटी खटलाच आहे. तिथे गुंतवणूकदार फिर्यादी होतो, आणि फिर्याद मांडणं हे कसब आहे.

विनापरवानगी व्यवहारांचं प्रकरण घ्या. दलालाकडचा रिलेशनशिप मॅनेजर, बोलीभाषेत आरएम, ‘तुमचा पोर्टफोलिओ मी बघतो’ म्हणत खातेदाराच्या नावावर रोज ऑप्शनचे सौदे करतो. दलालीचं लक्ष्य त्याला गाठायचं असतं. सहा महिन्यांनी खात्यातले शेअर संपलेले असतात. खातेदार तक्रार करतो तेव्हा दलालाचं ठरलेलं उत्तर तयार असतं: रोज काँट्रॅक्ट नोट ई-मेलने गेली, रोज एसएमएस गेला, तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत, म्हणजे तुमची संमती होती. यावरचं उत्तर नियमातच आहे. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा, म्हणजे सही, फोनचं रेकॉर्डिंग, ई-मेल किंवा ऑनलाइन लॉग, ऑर्डर टाकण्याआधीच दलालाकडे असला पाहिजे आणि वाद झाला तर तो हजर करण्याची जबाबदारी दलालाची, असं सेबीचं २०१८चं परिपत्रक स्पष्ट सांगतं. पण हे नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला कोण सांगणार? ती लवादासमोर ‘त्याने मला फसवलं’ असं म्हणते. तिने म्हणायला हवं होतं, ‘अमुक तारखेच्या अमुक सौद्यांचा ऑर्डरचा पुरावा हजर करा, नसेल तर हे सौदे माझे नाहीत.’ या दोन वाक्यांत हरणं आणि जिंकणं यांचं अंतर आहे. दलालाच्या बाजूला अनुपालन विभागाचा माणूस बसलेला असतो, असे खटले लढवणं हेच त्याचं काम. चांगला लवाद हा प्रश्न स्वतःहून विचारतो. लोकपालाला तो विचारावाच लागला असता. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

दुसरा प्रश्न दारांचा. नियामक चार, दारं चार, पण घरातला पैसा एकच. तो एफडीतून विम्यात जातो, विम्यातून फंडात, फंडातून रोख्यांत, आणि पुष्कळदा हे सगळं एकाच बँकेच्या एकाच टेबलावर घडतं. येस बँकेच्या एटी-१ रोख्यांचं प्रकरण यासाठी मुळातून बघण्यासारखं आहे. हे रोखे बँकेचे स्वतःचे, भांडवलासाठी काढलेले, बँक अडचणीत आली तर शून्य होऊ शकणारे. मार्च २०२० मध्ये बँकेची पुनर्रचना झाली आणि सुमारे ८,४१५ कोटींचे रोखे खरोखरच शून्य झाले. सेबीने एप्रिल २०२१च्या आदेशात जे नोंदवलं ते वाचताना चीड येते: १,३४६ व्यक्तिगत गुंतवणूकदारांनी सुमारे ६७९ कोटी रुपये या रोख्यांत घातले होते, त्यांतले १,३११ जण बँकेचेच ग्राहक, आणि २७७ जणांनी मुदतीआधी एफडी मोडून सुमारे ८० कोटी रुपये यात वळवले होते. सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड केला, त्याला अपिलीय न्यायाधिकरणात स्थगिती मिळाली. रोखे शून्य करण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द ठरवला, मग वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

एफडी मोडलेल्या त्या माणसाच्या जागी क्षणभर उभं राहून बघा. विकणारी बँक, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल? विकलेली वस्तू रोखा, म्हणजे सेबी? रोखे शून्य करण्याचा निर्णय पुनर्रचनेतला, म्हणजे उच्च न्यायालय? त्याची मूळ तक्रार साधी होती, ‘मला हे काय आहे ते न सांगता विकलं.’ एवढ्या एका वाक्यावर निवाडा देणारं दार त्याच्यासाठी कुठेच नव्हतं. सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये असे रोखे फक्त संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच विकता येतील असा नियम केला. घोडा पळाल्यावर तबेल्याला लावलेलं कुलूप असलं, तरी उरलेल्या घोड्यांसाठी ते चांगलंच.

२०१३ मध्ये एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंज, कोसळलं तेव्हाही असंच झालं. सुमारे १३ हजार गुंतवणूकदार, ५,६०० कोटी रुपये. हा हजर मालाचा बाजार म्हणून चालवला गेला आणि तो शेअर बाजारासारखा सेबीच्या कक्षेत नव्हता. दाद मागायला उरली मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात.

सहकाराचं दार त्याहून निराळं. मल्टिस्टेट सहकारी संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि सहकारी लोकपालाची तरतूद आली. ठेवींबद्दलची सभासदाची तक्रार त्याने तीन महिन्यांत निकाली काढायची. मराठवाड्यातल्या वाचकाला हे वाचून कडवट हसू येईल. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवीदाराची तक्रार कोणी ऐकून घेतली नाही हा प्रश्नच नव्हता. पोलिसांनी ऐकली, ईडीने ऐकली. पैसे कुठे आहेत, हा प्रश्न होता. तिजोरी रिकामी असेल तर लोकपाल निवाड्याचा कागदच देऊ शकतो. साध्या पतसंस्थांना तर ठेव विम्याचं कवचही नाही. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला ते आहे, आणि हा फरक गावोगावच्या कित्येक ठेवीदारांना संस्था बुडाल्यावरच कळतो.

म्हणून लोकपालाकडून काय मागायचं नाही, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये गुंतवलेले पैसे अडकल्यावर मुंबईत टोरेसच्या दुकानांसमोर जमलेल्या गर्दीला कोणताही लोकपाल उपयोगाचा नव्हता, कारण नोंदणीच नसलेल्याला बांधणारा निवाडा कोण देणार? व्हॉट्सअॅपच्या गटात ‘गुरुजी’ टिप्स देतात, खोट्या अॅपवर नफा दिसतो आणि काढायला गेलं की आणखी पैसे मागतात, तिथे सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर पहिल्या तासात केलेला फोन सगळ्या लोकपालांपेक्षा जास्त मोलाचा. आणि स्वतः डोळे उघडे ठेवून केलेल्या सौद्यातला तोटा ही तक्रार नव्हे. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या पाहणीत फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तिगत सौदेबाजांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात होते. त्या तोट्याची भरपाई मागायला कोणाच्याही दारात जाता येत नाही, आणि जाता येऊही नये.

तरीही एक दार का नाही, हा प्रश्न उरतोच. आणि तो काही नवा नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या वित्तीय कायदे सुधारणा आयोगाने मार्च २०१३च्या अहवालात सर्व वित्तीय ग्राहकांसाठी एकच दाद यंत्रणा सुचवली होती. बँक असो, विमा असो, शेअर असो, ग्राहकाने एकाच ठिकाणी यायचं, आतली वाटणी यंत्रणा करेल. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे श्रीकृष्ण हे नाव महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे, आणि त्यांच्या अहवालांचं पुढे काय होतं हेही. या यंत्रणेचा आराखडा करायला डी. स्वरूप यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट बसला, त्याने २०१६ मध्ये अहवाल दिला. पुढे शांतता. कोणता नियामक आपल्या अंगणातलं दार दुसऱ्याच्या हवाली करेल?

ब्रिटनने हे २००१ पासून केलं आहे. आधीच्या वेगवेगळ्या योजना एकत्र करून तिथे एकच वित्तीय लोकपाल सेवा आली. बँक, विमा, गुंतवणूक, सगळं तिच्याकडे. तिची कसोटी केवळ कायद्याची नसते, सगळी परिस्थिती पाहता काय न्याय्य आणि वाजवी, हे ती ठरवते. तक्रारदाराने निवाडा स्वीकारला की कंपनी बांधली जाते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये तीन यंत्रणा मोडून एक केली. ती कंपनीच्या स्वरूपात चालते आणि खर्च वित्तसंस्था भरतात. या यंत्रणांवरही टीका होते, त्या संथ आहेत, मनमानी आहेत, अशी. पण ‘तुमचं काम आमच्याकडे नाही, पलीकडच्या इमारतीत जा’ हे वाक्य तिथल्या ग्राहकाला क्वचितच ऐकावं लागतं.

आणि आता २००३ची ती रिकामी खुर्ची पुन्हा चर्चेत आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत रोखेबाजार संहितेचं विधेयक मांडलं. सेबी कायदा, १९५६चा रोखे करार कायदा आणि डिपॉझिटरी कायदा एकत्र करणारं हे विधेयक संसदीय स्थायी समितीकडे गेलं. त्यात गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी लोकपालाची तरतूद आहे, आणि या वेळी ती विनियमात नाही, थेट कायद्यात आहे. हे चांगलं. पण मसुद्यानुसार लोकपाल म्हणून सेबी आपलेच अधिकारी नेमणार आहे. इथे माझी हरकत आहे.

रिझर्व्ह बँकेचे लोकपालही तिचेच अधिकारी असतात आणि गाडी चालते, असं यावर सांगितलं जाईल. चालते, हे कबूल. पण दलालाविरुद्धच्या पुष्कळ तक्रारींत एक अर्धवट दडलेला प्रश्न असतो: हा दलाल दोन वर्षं हे करत होता तर तपासणीत ते का दिसलं नाही? हा प्रश्न ज्या खात्याला लागू होतो, त्याच खात्यातून काही काळासाठी आलेला आणि पुन्हा तिथेच परत जाणारा अधिकारी तो किती जोरात विचारेल? विमा लोकपालाच्या नियमांत निवड समिती आहे, अर्ज मागवले जातात, ठरावीक मुदत आहे. ती व्यवस्था निर्दोष नाही. पण निदान निवाडा देणाऱ्याची बढती ज्याच्या हातात आहे, त्याच्याच कामाची तपासणी त्याने करायची, असा पेच तिच्यात नाही. स्थायी समितीने विधेयकातल्या एकाच कलमाकडे बारकाईने बघायचं ठरवलं, तर ते हे असावं: लोकपाल कोण नेमणार, कुठून आणणार आणि मुदत संपल्यावर तो कुठे जाणार. त्याला कंपनीकडून थेट कागद आणि रेकॉर्डिंग मागवण्याचा अधिकार असेल का, आणि नाशिकच्या त्या मुख्याध्यापिकेला मराठीत तक्रार लिहून मराठीतच सुनावणी मिळेल का, हे प्रश्न त्यानंतरचे. पण फार नंतरचे नाहीत.